आमच्या वरच्यांच्या तक्रारी

ऐरोलीपासून उरणपर्यंत कुठेही जा, तक्रार करावी तर ती आमच्या वरच्यांनीच. बाकीची माणसं तक्रार करत नाहीत, नुसती कुरकुरतात. पाणी आलं नाही म्हणून कुरकुरतात, आलं तर गढूळ आलं म्हणून कुरकुरतात आणि चहा घेतला की विसरतात. वरच्यांचं तसं नव्हतं. ते आधी शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावत, चष्मा पुसत, घसा साफ करत आणि एखादा गवई षड्ज लावतो तशा ठेवणीतल्या आवाजात म्हणत, "माझी हरकत आहे." एवढं ऐकलं की तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रंसुद्धा आपलं काय चुकलं ते आठवायला लागे.

कोपरखैरण्यातल्या आमच्या चार मजली बिल्डिंगमध्ये ते बरोबर माझ्या डोक्यावर राहायचे, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव 'वरचे'. ते नाव हळूहळू सगळ्या सोसायटीने उचललं. मग घोटाळे व्हायचे. एकदा तळमजल्यावरचे नवे भाडेकरू मुलाच्या नोकरीबद्दल बोलताना सुस्कारा टाकून म्हणाले, "आता सगळं वरच्याच्या हातात." आमचा वॉचमन लगेच म्हणाला, "मग थांबा जरा. ते आत्ताच बँकेत गेलेत."

न्हावा शेवा बंदरातून माल सोडवून देणाऱ्या कुठल्याशा ऑफिसात त्यांची नोकरी झाली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन बंगलोरला. माणूस एकटा आणि तब्येतीने ठणठणीत, त्यामुळे हरकतीला भरपूर वेळ. दुसऱ्या मजल्यावरच्या पोपटावर त्यांची हरकत होती. बेल वाजली की तो "कोण आहे?" असं विचारतो, पण उत्तराची वाट बघत नाही, हा उद्धटपणा आहे, असं त्यांचं म्हणणं. एकदा तर त्यांच्याच न्हाणीघरातला नळ ठिबकत होता आणि त्या आवाजाने त्यांची झोप होईना. ते सरळ सेक्रेटरीकडे गेले आणि म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरच्या, ठिबकणाऱ्या नळाच्या रहिवाशाला समज द्या." सेक्रेटरी म्हणाला, "काका, ते तुम्हीच." "म्हणून काय झालं? नियम सगळ्यांना सारखा." शेवटी सेक्रेटरीने त्यांना त्यांच्याच दाराशी उभं करून चार शब्द सुनावले. ते खाली मान घालून ऐकत होते. संध्याकाळी नळ दुरुस्त झाला.

माझ्यावरची त्यांची हरकत शिंकांची. "शिंकण्याला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण सकाळी तुम्ही दोन शिंका देऊन थांबता. तिसरी येणार की नाही, या काळजीत माझा चहा गार होतो." तेव्हापासून आमच्या घरात मी दोनदा शिंकलो की स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज येई, "अहो, तिसरी शिंक. वरचे वाट बघत असतील."

या माणसाचा एक नियम मात्र पक्का होता. बाहेरच्यावर हरकत नाही. भाजीवाला ओरडला, कुणाचे पाहुणे जिन्यात हसत-खिदळत बसले, पलीकडच्या रस्त्यावर कुणी फटाके लावले, तर वरचे चकार शब्द काढत नसत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "हरकत आपल्या माणसावर घ्यायची असते. परक्यावर काय घ्यायची?" मला तेव्हा तो निव्वळ विक्षिप्तपणा वाटला होता.

उन्हाळा नुकता लागत होता. आमच्या समोरच्या गल्लीत एका बिल्डिंगला लागून कुणा बिल्डरने मोठा खड्डा खणायला घेतला होता. एका दुपारी त्या बिल्डिंगचा खांब असा काही कडाडला की आमच्या खिडक्या थरथरल्या. नशिबाने कुणाला इजा झाली नाही, पण इमारत लगेच रिकामी करा, असा हुकूम आला. माणसं हातात असेल ते घेऊन खाली उतरली. एकीच्या हातात अर्धवट मळलेल्या कणकेची परात होती. एक गृहस्थ टीव्हीचा रिमोट घेऊन रस्त्यावर उभे होते आणि मधूनमधून तो घराकडे रोखून बटण दाबत होते. शेवंताबाई नावाच्या परभणीकडच्या एक म्हाताऱ्या बाई गरम कुकर पदरात धरून आल्या, पाठोपाठ त्यांचा मुलगा आणि सून. आणि तळमजल्यावर एका खोलीत मिळून राहणाऱ्या नर्सिंगच्या चार मुली, लातूर-जालन्याकडच्या. त्यांनी कपडे सोडून पुस्तकं तेवढी उचलली होती, कारण परीक्षा तोंडावर आलेली. या सगळ्यांना आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आणलं.

मग आमच्या सोसायटीतली माणुसकी अशी काही उसळली की विचारू नका. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'मदत पाठवा' असा निरोप फिरला आणि प्रत्येक घराने कपाटाच्या तळाशी हात घातला. जरीच्या शेरवान्या आल्या. टिकल्यांचे घागरे आले. भांडं हरवलेला मिक्सर आला, माशांशिवायची काचेची पेटी आली आणि चौथ्या मजल्यावरून तिघांनी मिळून व्यायामाचं एक अवजड यंत्र उतरवलं. घर गेलेल्या माणसाने जागच्या जागी पळून काय साधायचं, हे कुणी विचारलं नाही. साधा शर्ट मात्र एकही आला नाही. शेवंताबाईंचा मुलगा तुर्भ्याच्या कारखान्यात कामाला. खाडा परवडण्यासारखा नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी तो अंगात बसलेली एकुलती एक शेरवानी घालून पाळीवर गेला. सुपरवायझरने त्याला गेटवरच मिठी मारली आणि लग्नाला न बोलावल्याबद्दल दिवसभर अबोला धरला.

आणि बोलणं! या लोकांशी सगळे अशा हळू आवाजात बोलायला लागले, जणू त्यांना टायफॉइड झालाय. "बरं वाटतंय का आता?" असं म्हणत एक एक केळं हातात द्यायचं, फोटो काढायचा आणि मान तिरकी करून उभं राहायचं. शेवंताबाई भिंतीला टेकून गप्प बसून होत्या. केळी त्यांच्यासमोर साचत चालली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी वरचे खाली आले. कंपाउंडच्या कठड्यावर एक गोधडी वाळत घातली होती आणि तिचं पाणी त्यांच्या स्कूटरवर ठिबकत होतं. त्यांनी गळ्याचं बटण लावलं. मला पुढचं दिसलं आणि मी धावलो, पण तोवर षड्ज लागला होता.

"माझी हरकत आहे. ही गोधडी कोणाची?"

आवाज उघड्या दारातून हॉलमध्ये गेला. शेवंताबाईंनी मान वर केली.

"माझी हाय. का बरं?"

"हिचं पाणी माझ्या स्कूटरवर पडतंय."

"मंग स्कूटर सरकवा की! गोधडीला काय चाकं हायत व्हय?"

"कठडा कपडे वाळवायला नाही."

"मंग कशाला हाय? तुमाला टेकून हरकती घ्यायला?"

असं उत्तर वरच्यांना आजवर कुणी दिलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी बाही सरसावली, शेवंताबाईंनी पदर कमरेला खोचला आणि दोघांनी त्या गोधडीवरून जी सुरुवात केली, ती स्कूटरचं वय, माणसाची अक्कल, कोकणातली आमटी आणि मराठवाड्यातलं ऊन असं करत करत पार कुठल्या कुठे नेली. आमचा चेअरमन हात जोडून मध्ये पडला. "काका, अहो, काय हे! बिचाऱ्या संकटात आहेत. पाहुण्या आहेत आपल्या."

"पाहुण्या कसल्या?" वरचे कडाडले. "आपल्या नळाचं पाणी भरतात, आपल्या कठड्यावर गोधड्या टाकतात. यांच्यावर हरकत घ्यायची नाही, तर काय पामबीच रोडवरच्यांवर घेऊ?"

चेअरमन हात चोळत निघून गेला. शेवंताबाईंची सून माझ्या बायकोला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, घर सोडल्यापासून आत्या दोन शब्द बोलल्या नव्हत्या. अन्नाला शिवल्या नव्हत्या. आत्ता बघा." शेवंताबाई ताट पुढे ओढून भाकरी मोडत होत्या आणि घास गिळता गिळता पुढचा मुद्दा मांडत होत्या. वरचे जिना चढताना मला म्हणाले, "बाई चांगली आहे. मुद्द्याला धरून भांडते."

दोनच दिवसांनी त्यांना जिन्यात प्रज्ञा सापडली, त्या चार मुलींतली एक. पायरीवर पुस्तक घेऊन ती हाडांची नावं घोकत बसली होती. वरचे थांबले.

"माझी हरकत आहे. जिना काय अभ्यासाची जागा आहे?"

"सॉरी काका. हॉलमध्ये खूप गोंगाट असतो. परीक्षा आलीये."

वरच्यांनी विचार केला. बटण काढलं, पुन्हा लावलं. "मग हरकत तुमच्यावर नाही. गोंगाटावर."

त्या संध्याकाळपासून आमची सोसायटी मुकी झाली. कुकरच्या शिट्टीवर बंदी आली. बायका गॅसपाशी दबा धरून बसायच्या आणि शिट्टी वाजणार असं दिसलं की झडप घालायच्या, त्यामुळे सगळ्यांनी अर्धी कच्ची डाळ खाल्ली. पोपटाच्या पिंजऱ्यावर चादर पडली. मला शिंकेसाठी उशी नेमून दिली. भाजीवाल्याला प्रथमच विनंती केली गेली, तीसुद्धा बाहेरचा म्हणून हात जोडून. तो बिचारा कंपाउंडमध्ये मधोमध उभा राहून एक वांगं डोक्यावर धरायचा, मग गवारीची मूठ, मग दुधी. बाल्कन्यांतून बायका बोटं दाखवायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथे कुठल्यातरी पंथाची प्रार्थना चालली आहे. चारही मुली मात्र जिन्याच्या चार वळणांवर बसून अभ्यास करायच्या आणि जाता-येता आम्ही त्यांना ओलांडताना चपला हातात घ्यायचो.

आणि मग हॉलचा प्रश्न निघाला. चेअरमनच्या मुलीचं लग्न त्याच हॉलमध्ये ठरलेलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि दुसरीकडे कुठे तारीख मिळत नव्हती. घरं गेलेल्यांना उरणजवळच्या द्रोणागिरीत एका नव्या इमारतीत तात्पुरत्या खोल्या मिळणार होत्या, पण त्या तयार व्हायला अजून काही आठवडे लागणार होते. सोसायटीची मीटिंग बसली. चेअरमन वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "तोवर यांनी गावी जावं. आपण गाड्या करून देऊ." प्रज्ञा दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "गावी गेलो तर परीक्षा बुडेल." सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. वरचे उठले. त्यांनी बटणाकडे हात नेला. "माझी..." एवढंच म्हणाले आणि खाली बसले. त्यांचं वाक्य अर्धवट राहिलेलं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. मीटिंग तशीच मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली. दारात वरचे. "आत येऊ का?" आजवर ते उंबऱ्यावरूनच हरकत घेऊन परतायचे. बायकोने गडबडून त्यांना पाहुण्यांची खुर्ची दिली. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

"तुमच्या शिंकांवरची हरकत मी मागे घेतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पाहिजे तेवढ्या शिंका. दोनावर थांबा, नाहीतर दीडावर थांबा. त्या बदल्यात परीक्षा होईपर्यंत दोन मुली ठेवून घ्या."

बायको म्हणाली, "अहो काका, नुसतं म्हणाला असतात तरी ठेवल्या असत्या."

"नुसतं कसं म्हणायचं?" ते खरोखरच गोंधळले होते. "मला ते येत नाही."

मग ते दारोदार फिरले. पोपट माफ झाला आणि त्या घरात दोन मुली गेल्या. तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं माफ झालं, तिथे रिमोटवाले गृहस्थ कुटुंबासह गेले. गळती, फोडणीचा ठसका, भिंतीत ठोकलेले खिळे, नवराबायकोची भांडणं, सगळं भराभर माफ होत होतं. लोकांना तर हा सौदा इतका स्वस्त वाटला की काहींनी शेजाऱ्यांच्याही हरकती आपल्या नावावर घेतल्या. अडचण झाली ती तळमजल्यावरच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे. त्या बाई इतक्या शिस्तीच्या की त्यांच्यावर एकही हरकत नव्हती. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे मी तुमच्या खिजगणतीतच नाही?" वरचे पेचात पडले. त्यांनी दारातली रांगोळी निरखून पाहिली, बटण लावलं आणि म्हणाले, "माझी हरकत आहे. ही मोराची मान वाकडी आहे." बाई आनंदाने भांडल्या. मग वरच्यांनी हरकत मागे घेतली आणि बाईंनी कणकेच्या परातीवाल्या कुटुंबासाठी आतली खोली उघडून दिली. शेवंताबाई, मुलगा आणि सून वरच्यांच्याच घरी गेले. त्याच दिवसापासून माझ्या छतातून मीठ जास्त की कमी, यावर रोज दोन वेळा वाद ऐकू येऊ लागला.

हॉल रिकामा झाला आणि लग्न उभं राहिलं. पण मुलींची परीक्षा बरोबर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. लग्नाच्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी वरात आली. घोडा, बँजो, ताशे, सनई, ट्रकवर डोंगराएवढे स्पीकर आणि घामाघूम झालेले काका-मामा. वरचे इस्त्रीच्या शर्टात रस्त्याच्या मधोमध जाऊन घोड्यासमोर उभे राहिले. घोडा थांबला. त्याला उभं राहण्यातला अधिकार कळला असावा.

चेअरमन धावत आला. "काका, आजच्या दिवस सोडा. व्याही आहेत हो!"

चेअरमनवर वरच्यांची एकच हरकत होती, पण ती सगळ्यात जुनी. गच्चीच्या जिन्याखालची सगळ्यांची जागा अडवून त्याने स्वतःची अडगळीची खोली बांधली होती. इतक्या हरकती वाटून टाकल्या, तरी ती त्यांनी हातची ठेवली होती. आता ते म्हणाले, "ती खोली तुमची. मी मेल्यावरसुद्धा बोलणार नाही. गल्लीच्या तोंडापासून हॉलपर्यंत आवाज नको."

चेअरमनने वर पाहिलं. आमच्या गॅलरीत प्रज्ञा आणि तिची मैत्रीण कानांत बोटं घालून पुस्तकावर वाकल्या होत्या. त्याने व्याह्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. व्याही आधी लाल झाले, मग त्यांनी वर पाहिलं आणि बँजोवाल्याला हाताने खूण केली.

आणि ती वरात निघाली. असली वरात मी जन्मात पाहिली नाही. ताशावाल्यांच्या काड्या कातड्याला न टेकता हवेत नाचत होत्या. सनईवाल्याचे गाल फुगत होते, पण फुंकर बाहेर पडत नव्हती. नवरदेवाचे मामा रस्त्यावर आडवे पडून नागासारखे वळवळत होते आणि समोर रुमालाची पुंगी करणारा भाचा श्वास रोखून डुलत होता. आत्या-माम्या टाळ्या वाजवत, पण तळवे एकमेकांना लागू न देता. ऐकू येत होत्या त्या फक्त घोड्याच्या टापा, साड्यांची सळसळ आणि धापा. गाण्याशिवाय नाचणारा माणूस किती मनापासून नाचतो, ते तेव्हा कळलं. तिसऱ्या मजल्यावर शेवंताबाईंनी तोंडात पदर कोंबला होता आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हॉलच्या दारात नवरी उभी होती. ती वडिलांना हळूच म्हणाली, "पप्पा, मस्त आहे हे. डोकं नाही दुखत." पोपटाने तेवढ्यात चादरीखालून "कोण आहे?" असं विचारलं आणि सगळी वरात दचकली, तेवढाच काय तो आवाज.

परीक्षा पार पडली. चारही मुली पास झाल्या. पुढे द्रोणागिरीच्या खोल्या तयार झाल्या आणि टेम्पो भरून माणसं गेली. जाताना कुणी रडलं नाही, कारण शेवंताबाई टेम्पोवाल्याशी कपाट कसं बांधावं यावरून भांडत होत्या आणि वरचे त्यांची बाजू घेत होते.

त्यानंतर आमच्या सोसायटीत खरी शांतता पसरली. वरच्यांकडे हरकत उरली नव्हती. सवयीने ते खाली यायचे, बटण लावायचे, पोपटाकडे बघायचे आणि परत जायचे. एकदा त्यांनी सेक्रेटरीला गळतीबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, "काका, ती तर तुम्ही माफ केलीत." "हो, हो. केली," ते म्हणाले. शब्द फिरवणाऱ्यातला तो माणूस नव्हता. मी मुद्दाम दोनदा शिंकून थांबायचो. वरून काही येत नसे.

मग शेवंताबाईंच्या सुनेचा फोन आला. तिकडे पाणी चढत नाही, बस वेळेवर येत नाही, जिन्यात दिवा नाही. वरचे स्कूटर घेऊन गेले ते संध्याकाळी तरतरीत होऊन परतले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, आणि मग जातच राहिले. एक दिवस त्यांनी आपला फ्लॅट त्या चार मुलींना राहायला देऊन टाकला, कारण द्रोणागिरीहून कॉलेज लांब पडत होतं आणि त्यांची बिल्डिंग अजून बंदच होती, आणि स्वतः द्रोणागिरीत शेवंताबाईंच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. मी थांबवायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "इथे आता मला काय काम?"

मागच्या रविवारी मी त्यांना भेटायला गेलो. रुंद रस्ते, उभे राहिलेले कंटेनरचे ट्रेलर, अर्ध्यामुर्ध्या इमारती आणि खाडीकडून येणारा खारट वारा. वरचे थोडे वाळले होते. संध्याकाळी मला सोडायला ते स्टॉपपर्यंत आले. बस येत नव्हती, पण ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. इमारतीतल्या पेटणाऱ्या दिव्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वेगवेगळ्या ठिकाणची माणसं आणून ठेवलीत. एकमेकांना सांभाळून बोलतात अजून, हरकत घेत नाहीत. वेळ लागेल."

तेवढ्यात वरून, कुठल्याशा गॅलरीतून, शेवंताबाईंची हाक आली. "अहो, भाकरी गार व्हायलीय! किती वाट बघायची माणसानं?"

वरचे लगबगीने वळले. चपला फटफटवत, जवळजवळ पळतच निघाले. मी निरोपाचा हात वर केला होता, पण त्यांनी मागे पाहिलं नाही. जिन्यात अंधार होता, तरी ते सवयीच्या पायांनी आत शिरले. वर कुठेतरी दार उघडल्याचा आवाज आला. मी हात खाली घेतला आणि बसची वाट बघत उभा राहिलो.